तोलोमुशच्या डोक्यातला तमादा

अत-बाशी नदीकाठच्या आमच्या गावात कुणालाही विचारा, तोलोमुशसारखा तमादा दुसरा नाही असंच सांगतील. आणि श्वास घेऊन पुढे म्हणतील, पण मेला खादाड फार. यातली पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी मी आणि त्यानं मिळून वर्षानुवर्षं जोपासलेली आहे, आणि तिचं श्रेय मला कुणी देत नाही म्हणून आज लिहायला बसलोय.

तमादाशिवाय आमच्या समारंभांचं पान हलत नाही. लग्न असो, बारसं असो, पोराला पहिल्यांदा घोड्यावर बसवायचं असो, घरभर माणसं जेवायला बसतात आणि त्यातल्या प्रत्येकाला उठून दोन शब्द बोलायचे असतात. दोन शब्द म्हणजे किती हे ज्याचं त्यानं ठरवायचं म्हटलं तर आत पातेल्यातला रस्सा आटून जाईल. म्हणून कुणी कधी उठायचं, कुणाला गोड बोलून खाली बसवायचं, गाणं कधी, हे सगळं तमादाच्या हाती. तोलोमुशचा एक कडक नियम होता. एकदा बोललेल्या माणसानं सगळ्यांची पाळी झाल्याशिवाय पुन्हा उठायचं नाही, मग तो हेडमास्तर असो की नवरदेवाचा मामा. मामा मंडळी सहसा कुणाचं ऐकत नाहीत, पण तोलोमुशपुढे तेही बसायचे.

मी जेक्शेन, त्याच्या शेजारी बसून अकॉर्डियन वाजवणारा. कौतुक त्याचं, घाम माझा, अशी आमची वाटणी आहे.

तरुणपणी तो तमादा वगैरे काही नव्हता. बकऱ्याच्या धडासाठी घोडेस्वारांची जी झोंबाझोंबी चालते, तिच्यात तो सगळ्यांच्या पुढे असायचा. अशाच एका खेळात घोडा अडखळला, हा खाली आला, आणि मागून येणाऱ्या घोड्याचा खूर त्याच्या कानाच्या वर बसला. कितीतरी वेळ शुद्ध नव्हती. डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न काय, तर धड कुणी नेलं. पुढे जखम भरली, वर केस आले, लग्न झालं, बेगिमाय नावाची गोड मुलगी झाली, आणि आम्ही सगळे तो खूर विसरून गेलो.

आता आमच्याकडे समारंभ म्हटला की मेंढीचं डोकं आलंच. ते मानाच्या पाहुण्यापुढे ठेवायचं असतं, आणि शिजवण्याआधी घरामागं त्यावरची लोकर जाळून काढायची असते. तो वास ज्याला आवडत नाही तो आमच्यातला नाही. एका लग्नात तोलोमुश बोलता बोलता थांबला, नाक वर केलं आणि म्हणाला, डोकं भाजायला घेतलं वाटतं. मग दाराकडे टक लावून उभाच राहिला आणि ओठ मचमच हलवायला लागला. पंगतीत हशा पिकला. तमादाच्या तोंडाला पाणी सुटलं म्हणे. मीही हसलो. पण त्या घरी डोकं आदल्या दिवशीच भाजून झालं होतं, आणि हे मला पक्कं माहीत होतं, कारण ते मीच भाजलं होतं.

नंतर हे वरचेवर व्हायला लागलं. एकदा तर तो सामानाच्या खोलीत जमिनीवर आडवा, हातपाय झटके देतायत, तोंडाला फेस. त्याची बायको, आमची आइमकान वहिनी, हिनं दार लावून घेतलं आणि मला म्हणाली, बाहेर जाऊन वाजवा, जोरात वाजवा. मी जीव खाऊन वाजवलं. माझ्या वाजवण्याचं गावानं पहिल्यांदा कौतुक केलं ते त्या दिवशी.

वहिनीच्या आत्यानं त्याला एका झाडफूक करणारीकडे नेलं. त्या बाईनं नाडी धरून सांगितलं की हा आजार नव्हे, पूर्वजांची हाक आहे. यानं लोकांना बरं करायचा वसा घ्यावा, नाहीतर हाक थांबायची नाही. मग अर्चाच्या, म्हणजे डोंगरातल्या जुनिपरच्या, वाळक्या फांद्या पेटवून त्याच्याभोवती धूर धूर केला. तोलोमुश खोकत बाहेर आला आणि म्हणाला, पूर्वजांना हाक मारायचीच होती तर नावानं मारावी, डोक्यात लोकर कशाला जाळतात.

शेवटी वहिनीनं त्याला नारिनला डॉक्टरकडे ओढत नेलं. तिथं डोक्याला तारा लावून कागदावर रेघा काढल्या. माणूस दवाखान्यातून तोंड पाडून परत येतो. हा आला तो सासुरवाडीचा पाहुणचार झोडून आल्यासारखा. मला बसवलं, परातीतले बोर्सोक जेवणाच्या दस्तरखानावर ओतले आणि तळलेल्या कणकेचे ते तुकडे एकेक मांडायला लागला.

हे पाहुणे, त्यानं सांगितलं. म्हणजे मेंदूतल्या पेशी. प्रत्येकीला दारं असतात, आणि बाहेर मीठ जास्त, आत कमी, असं मुद्दाम राखलेलं असतं. शेजारणी हिला सारख्या ढोसत असतात. थोड्याशा ढोसण्यानं काही होत नाही. पुरेसं झालं की दारं उघडतात, मीठ आत घुसतं, आणि ती क्षणभर, एकदाच बोलते. मग पुढचीला ढोसते. अशा बोलण्यावरच माणूस हात हलवतो, गाणं ओळखतो, सासऱ्याचं नाव विसरतो. आणि या पाहुण्यांच्या मधे मधे काही पेशी अशा बसवलेल्या असतात की त्यांचं काम एकच, शेजारणीला म्हणायचं, थांब, तुझी पाळी नाही.

"म्हणजे तमादा," मी म्हणालो.

"तेच तर. डॉक्टरबाईनं विचारलं, काम काय करता. मी सांगितलं तर हसायलाच लागली. म्हणाली, मग तुम्हाला समजावणं सोपं आहे. तुमच्या डोक्यातले तमादे डुलक्या काढतायत."

खूर लागला होता तिथं व्रण धरला होता. त्याच्या आसपासचे कितीतरी तमादे मरून गेले होते आणि उरलेले मरतुकडे होते. शिवाय बोलणाऱ्या पेशींच्या दारांच्या कड्याही सैल झालेल्या. जिथं पूर्वी भरपूर धक्के लागायचे तिथं आता नुसतं बोट लावलं तरी पुरत होतं. एक बोलली की तिची शेजारीण, मग तिची शेजारीण, आणि मग सगळ्या एकदम, त्याही एका तालात. एका तालात म्हणजे बरंच की, मी म्हणालो, कारण आमच्या गावात तालात गाणारी माणसं मला अजून सापडायची आहेत.

"बरं कसलं," तोलोमुश म्हणाला. "घरभर माणसं एकाच वेळी एकच शब्द ओरडायला लागली की कुणीच काही बोलत नसतं, जेक्शेन."

तो कोपरा वासाशी बांधलेला होता, म्हणून आधी जळक्या लोकरीचा वास. गोंगाट तेवढ्यातच राहिला तर टक लावणं आणि ओठांची मचमच. घरभर पसरला तर माणूस आडवा. आणि जितक्यांदा पसरेल तितकी ती वाट मळत जायची भीती, डोंगरावर मेंढ्यांची पायवाट पडते तशी. म्हणून गोळ्या. गोळी काय करते, तर नुकत्याच बोललेल्या पेशीचं दार लगेच पुन्हा उघडू देत नाही. पाळी येईपर्यंत थांबवून धरते. हे सांगताना तोलोमुशची छाती अशी फुगली होती की बस. माझा नियम औषधवाल्यांनी उचलला, असं तो आजही सांगतो.

गोळ्यांनी खूप फरक पडला, पण जागरण झालं की थोडा गोंगाट निसटायचाच. आणि तमादाला जागरण चुकत नाही. दारू मात्र त्यानं सोडली. त्याच्यासाठी व्होडकाच्या बाटलीत वहिनी पाणी भरून ठेवायची, आणि एवढी पिऊनही डोलत नाही म्हणून चार गावांत त्याचा दरारा. खरा घोळ वासाचा होता. समारंभात डोकं खरंच भाजत असायचं, तेव्हा हा वास घराबाहेरचा की डोक्यातला हे त्याला कळायचं नाही. मग आम्ही एक खूण ठरवली. वास आला की तो मायक्रोफोनवर मला विचारायचा, जेक्शेन, डोकं भाजतायत का. भाजत असतील तर मी लांबलचक चाल धरायची. नसतील तर तोकडी. तोकडी चाल ऐकली की तो म्हणायचा, मंडळी, मी जरा मटण बघून येतो, आणि सामानाच्या खोलीत जाऊन गादीवर पडायचा. लोक हसायचे. निघाला बघा पातेल्याकडे. एकदा मला सर्दी झाली होती, मी अंदाजानं तोकडी चाल वाजवली आणि तो उगाचच आत गेला. तिथं त्याला काहीच झालं नाही, म्हणून त्यानं बसून खरोखरच अर्धी परात मटण खाल्लं. त्या दिवसापासून त्याच्या खादाडपणावर शिक्कामोर्तब झालं.

हे सगळं लपवायचं कशासाठी, तर बेगिमायसाठी. आमच्याकडे सोयरीक जुळवताना मुलीच्या सात पिढ्या उकरतात. बापाला फिट येते म्हटल्यावर पाहुणे चहाही न पिता घोडे वळवतील, असं वहिनीला वाटायचं, आणि ते काही अगदी खोटं नव्हतं. बेगिमायनं कोचकोरच्या एका मुलाला पसंत केलं होतं. मुलगा चांगला, घोड्यावर नीट बसणारा. त्याच्या घरचे सोयरीक पक्की करायला येणार होते. पक्की कशी होते, तर मेंढीची कलेजी आणि शेपटाची चरबी यांचे काप एकत्र करून दोन्हीकडच्यांनी एकमेकांना भरवायचे. तो घास पोटात गेला की कुणी मागे फिरत नाही, फिरला तर त्याला गावात तोंड दाखवायला जागा नाही. वहिनीचं म्हणणं सरळ होतं. घास पोटात जाईपर्यंत आळीमिळी गुपचिळी.

तिनं तयारी चोख केली. डोकं आधीच नदीपलीकडे दिराच्या घरी भाजून आणलं, म्हणजे घरात वास आला तर तो डोक्यातलाच, शंका नको. आणि नव्या विहिणी पाणी प्यायच्या निमित्तानं कपाटं उघडून बघतात हे ठाऊक असल्यानं गोळ्यांची डबी तिनं रजयांच्या चवडीत खुपसली. इथंच चुकलं. पाहुणे ठरलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळीच आले. पाहुणे आले की चवड उतरवून सगळ्या रजया अंथरायच्या हा आमचा रिवाज, आणि ते काम बेगिमायच्या मैत्रिणींनी वहिनीच्या पाठीमागं आनंदानं उरकून टाकलं. मानाच्या जागेवर सगळ्यात जाड थर, आणि त्या थरावर मुलाची आजी, काकेन अपा, ऐसपैस बसली. गुडघे दुखत होते म्हणून तिथंच जेवली, तिथंच झोपली, सकाळी तिथंच चहा घेतला.

मानाच्या पाहुण्याला उठा म्हणणं म्हणजे घरी जा म्हणण्यासारखंच. वहिनी रात्रभर अपाला आणखी चहा हवा का विचारत होती, या आशेनं की चहा आपलं काम करेल आणि म्हातारी बाहेर जाईल. ती गेली की वहिनी रजयांकडे धावायची, पण तिथं अपाची सून झोपलेली. तोलोमुशच्या गोळ्या चुकल्या, झोप नाही ती नाहीच. या गोळ्या आमच्या गावात मिळत नाहीत. सकाळी तो मला म्हणाला, आज तुझी सर्दी बरी आहे ना.

दुपारी सगळे बसले. मुलाचे वडील, तुर्दाकुन, भारदस्त माणूस, कमी बोलणारा. कलेजी-चरबीचं ताट वाफा सोडत आत आलं. काप वाटले गेले, प्रत्येकाच्या बोटांत एकेक. तोलोमुश मायक्रोफोन घेऊन उभा राहिला, तोंड उघडलं, आणि थांबला. नाक वर गेलं.

"जेक्शेन," तो म्हणाला, "डोकं भाजतायत का?"

मी तोकडी चाल वाजवली. तो मटण बघायला निघाला तसा तुर्दाकुननं त्याचा हात धरला. घास हातात असताना व्याही उठून जात नाहीत, तो म्हणाला, मटण माझा मुलगा बघेल. बरोबरच होतं त्याचं. वहिनी समोरून डोळ्यांनी सांगत होती, भरवा, पटकन भरवा आणि मग पडा. मीही मनात तेच म्हणत होतो. घास तोंडापर्यंत न्यायचा तेवढाच अवकाश होता.

तोलोमुशनं काप ताटात परत ठेवला.

"व्याही, घास खाली घ्या," तो म्हणाला. "मला फिट येते. आत्ताच येतेय. बऱ्याच वर्षांचं आहे, आम्ही लपवलं. मी पडेन, घाबरू नका, उठेन. मग खायचं का नाही ते तुम्ही ठरवा." आणि मायक्रोफोन तुर्दाकुनच्या हातात देऊन तो खाली बसला. बसला तो आडवाच झाला.

एक मामा दात उघडायला चमचा घेऊन धावला, त्याच्या हातावर वहिनीनं फटका मारला. दुसरा पाय दाबायला आला, त्यालाही हटवलं. तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि डोक्याखाली मऊ द्यायचं, हे तिनं अशा आवाजात सांगितलं की ती तमादाची बायको आहे हे कुणालाही कळावं. झटके थांबून तो घोरायला लागला, तेव्हा ती वळून मानाच्या जागेपुढं उभी राहिली.

"अपा, जरा उठता का? यांच्या गोळ्या कालपासून तुमच्या खाली आहेत."

काकेन अपा एका बाजूला कलली, हात खाली घालून डबी काढली आणि उलटसुलट करून पाहिली. "हीच होय?" ती म्हणाली. "मला वाटलं या घरात रजईत खडे भरतात. रात्रभर टोचत होती, पण नवी सोयरीक, तोंडानं कसं म्हणायचं."

कुणीतरी फुस्सकन हसलं आणि तोंडावर हात ठेवला. तुर्दाकुन हसला नाही. त्यानं मला हळूच विचारलं, हे मुलीत उतरेल का. मी सांगितलं, घोड्याच्या खुरामुळं झालेलं आहे, रक्तातलं नाही, नारिनच्या डॉक्टरबाई तसं म्हणाल्यात. म्हातारीचे गुडघे गेले होते, कान शाबूत होते.

"आणि रक्तातलं असतं तर?" ती म्हणाली. "तुझा बाप रागावला की भांडी फोडायचा. ते तुझ्यात पुरतं उतरलंय, आणि त्यावर तर गोळीही नाही. तरी तुझं लग्न मी लावलंच ना?"

तुर्दाकुन लाल झाला. मग त्या चमचावाल्या मामानं विचारलं, आता या कापांचं काय करायचं. सगळ्यांनी तुर्दाकुनकडे पाहिलं. हातातला मायक्रोफोन त्यानं तोंडाजवळ नेला, आणि चालू आहे की बंद ते न कळल्यामुळं गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाला, "तमादा आल्याशिवाय सुरू करायचं नाही."

मग कुणी बोललं नाही. मामाही नाही. ताटावरची वाफ थांबली, बोटांतली चरबी पांढरी होऊन थिजली. शेपटाची चरबी गरम असते तोवर अमृत, गार झाली की मेणबत्ती चावल्यासारखी टाळूला चिकटते, हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. तरी कुणी काप खाली ठेवला नाही की तोंडात टाकला नाही. एकानं खोकायला घेतलं तर शेजारच्यानं त्याला कोपर मारलं. इतक्या वर्षांच्या समारंभांत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला वाजवावंसं वाटत होतं, पण माझीही पाळी नव्हती.

बऱ्याच वेळानं तोलोमुशनं डोळे उघडले. आधी छताकडे पाहिलं, मग वहिनीकडे.

"धड कुणी नेलं?" त्यानं विचारलं.

वहिनीनं त्याला त्याचं नाव विचारलं, मुलीचं विचारलं. पहिल्यांदा चुकला. पुन्हा विचारलं तेव्हा बरोबर सांगितलं. तिनं उठवून बसवलं, घोटभर पाणी पाजलं, ते नीट गिळलं तेव्हा गोळी दिली. मग त्यानं पंगतीकडे पाहिलं. सगळे काप हातात धरून बसलेले. एवढे गप्प का, कुणी वारलं का, असं त्यानं मला विचारलं.

काकेन अपा गुडघ्यांवर हात देत उठली. कालपासून पहिल्यांदाच सगळ्यांच्या देखत उठली. त्याच्याजवळ येऊन बसली आणि आपल्या बोटांतला काप त्याच्या तोंडापुढं धरला.

"कुणी नेलं नाही, बाळा. तुझीच पाळी आहे. तोंड उघड."

त्यानं तोंड उघडलं. मला रडू आलं, आणि अकॉर्डियनवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळं सगळ्यांनी ते पाहिलं. तुर्दाकुननं वहिनीला भरवलं, वहिनीनं मुलाच्या आईला, आणि घरभर लोक ती थिजलेली चरबी चावत राहिले. एकानंही तोंड वाकडं केलं नाही. तोलोमुश मात्र चावता चावता म्हणाला, गार आहे.

लग्न शरद ऋतूत झालं. मुलीच्या बापानं तमादा होऊ नये असा संकेत आहे, पण तुर्दाकुननं मायक्रोफोन त्याच्याच हातात दिला. शुभेच्छा अर्ध्यावर आल्या असतील नसतील, तोलोमुश थांबला, नाक वर केलं, आणि सवयीनं माझ्याकडे वळला.

"जेक्शेन, डोकं भाजतायत का?"

मी पट्ट्यांवर बोटं ठेवायच्या आत सगळा मंडप, आमचे आणि कोचकोरचे, मामे, आत्या, आचारी, नवरी सुद्धा, एकदम ओरडला, "नाही भाजत, बसा खाली." काकेन अपानं आपल्या खालची रजई ओढून त्याच्याकडे सरकवली. तो बसला. ओठ थोडे मचमचले, तेवढ्यावरच निभावलं, आणि पाळी नसताना बोलल्याबद्दल त्यानं त्या दिवशी कुणालाही झापलं नाही.